टाकीचा चढ

गाडी पाण्याच्या टाकीचा चढ चढली नाही, ही बातमी दादाने गॅरेजच्या फाटकातूनच दिली. इंजिन बंद करून तो खाली उतरला, दार ढकललं, ते नेहमीसारखं अर्धवटच लागलं.

"संपलं," तो म्हणाला. "दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा धापा टाकते. वळणापर्यंत कशीबशी नेली आणि परत फिरवली. सायकलवाला पुढे गेला माझ्या, अप्पा. सायकलवाला! आणि वळून बघत गेला."

लाकडी खोक्यावर बसून अप्पा नट मापाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत टाकत होते. रस्ता रुंद होणार होता, गॅरेजची जुनी शेड महिनाअखेरीस पाडणार होते, म्हणून आज सगळं घर ती रिकामी करायला जमलं होतं. भिंतीवरचे पाने निघाले होते. चाळीस वर्षं जिथे ते टांगलेले होते तिथे आता त्यांच्या आकाराचे फिकट डाग तेवढे उरले होते. बोर्ड उतरला होता, कामाचं टेबल गेलं होतं. राहिली होती ती फक्त ही पिकअप.

"भंगारवाल्याला पाच वाजता बोलावलंय," दादा म्हणाला. "क्रेन घेऊन येईल. चढली असती तर बघितलं असतं. पिकअपला पिकअपच राहिला नाही, ठेवून करायचं काय?"

"चढ चढली तर राहील, नाही चढली तर जाईल," अप्पा डब्याकडे बघतच म्हणाले. "ठरलंय ना तसं? मग झालं."

एवढ्या सहज म्हणाले की दादालाच कसंतरी झालं. भांडतील, निदान रुसतील असं त्याला वाटलं होतं. ही त्यांची पहिली गाडी. दुरुस्तीला आलेली कुठलीही गाडी टाकीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही, हा नियम त्यांनीच केलेला, आणि तो पहिल्यांदा लावला तो याच गाडीला.

"मिसिंग करते का?" मागून आवाज आला.

चिमटी शेडच्या दारात उभी होती. दादाची धाकटी बहीण, वय चव्वेचाळीस, पण घरात तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. लहानपणी तिची बोटं इतकी बारीक होती की कार्बोरेटरमधली सुई पडली की अप्पा तिलाच बोलवायचे. सकाळच्या बसने ती आली होती, सहा वर्षांनी. तिला वहिनीने फोन करून बोलावलं होतं, नवऱ्याला न सांगता. आल्यापासून ती आईशी बोलली होती, वहिनीशी बोलली होती, अप्पांच्या पाया पडली होती. दादाला उद्देशून तिचं हे पहिलंच वाक्य.

दादाने मान वळवली. "काय?"

"मिसिंग करते का? हिसके मारते? कार्बोरेटरमधून फटफटते?"

"नाही."

"स्टार्ट?"

"अर्ध्या सेल्फमध्ये."

"आयडलिंग?"

"घड्याळासारखं." त्याने बॉनेटवर थाप मारली. "नुसती ओढत नाही. अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल दाबलं तरी एका मर्यादेपुढे जातच नाही. दमेकरी माणसासारखी."

चिमटीने दप्तर टाकावं तशी खांद्यावरची पिशवी कोपऱ्यात टाकली आणि बॉनेट उघडलं. बॉनेटची काठी कुठे आहे हे तिला बघावंसुद्धा लागलं नाही.

"पाच वाजायला किती वेळ आहे?"

"पाच तास."

"बारा नंबरचा पाना दे," ती म्हणाली.

*

सहा वर्षांपूर्वी दादाने पलीकडच्या रस्त्यावर नवं वर्कशॉप टाकलं. चकचकीत फरशी, गाडीला जोडायचा स्कॅनर, निळे कपडे घातलेली चार माणसं. चिमटी तोवर जुन्या शेडमध्ये अप्पांबरोबर कार्बोरेटर बसवायची. त्या कामात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. पण तशा गाड्याच येईनाशा झाल्या. एका संध्याकाळी दादा म्हणाला, "ते दिवस गेले आता. तुझ्या हाताला इथे काम नाही." तो धंद्याबद्दल बोलत होता. तिने ते स्वतःबद्दल ऐकलं. दुसऱ्या महिन्यात ती लांबच्या गावी पंपांच्या कारखान्यात लागली, आणि त्यानंतर तिचा फोन यायचा तो फक्त आईला, रविवारी दुपारी.

हे सगळं दादाला पाना देताना आठवत होतं. कधी नव्हे तो आज स्वतःवरच वैतागत त्याने पेट्रोलचा फिल्टर काढला. "पेट्रोल कमी पडतंय. फिल्टर चोंदला असणार."

"पेट्रोल कमी पडलं असतं तर हिसके दिले असते."

"बघायला काय जातंय?"

बघितलं. फिल्टर स्वच्छ. पंपाची नळी बाटलीत सोडून इंजिन फिरवलं, बाटली भराभर भरली. दादाने ती उजेडात धरली. पाणी नाही, गाळ नाही.

"म्हणजे पेट्रोल नाही," चिमटी म्हणाली.

"म्हणजे पेट्रोल नाही," दादाला म्हणावं लागलं.

मग प्लग निघाले. चारही बिस्किटाच्या रंगाचे, एकावरही काजळी नाही. प्लगांच्या जागी दाबाचं घड्याळ लावून कॉम्प्रेशन बघितलं. तिने आकडे सांगितले, दादाने खडूने जमिनीवर लिहिले. चारही जवळपास सारखे.

"अडतीस वर्षांपूर्वी उघडून बोअर केलेलं इंजिन," दादा आकड्यांकडे बघत राहिला. "माझ्याकडे तीन वर्षांच्या गाड्या येतात, त्यांचं एवढं नसतं."

"बोअर कुणी केला होता?"

"कुणी म्हणजे? अप्पांनी. तू दिवा धरला होतास आणि झोपलीस. दिवा पडला तेलाच्या डब्यात."

"मी नाही झोपले. तू ढकललंस."

"मी?"

"खोक्यावर दोघांना जागा पुरत नव्हती म्हणून ढकललंस. अप्पा, सांगा की."

अप्पा नट मोजत म्हणाले, "दिवा तुमच्या आईने धरला होता. तुम्ही दोघंही झोपला होतात. गाडीत मागे, ताडपत्रीवर."

मग दादा एकदम हसला, आणि ते हसू दाबायला त्याने तोंड चाकाकडे वळवलं. "ब्रेक धरत असतील. जॅक लावू."

चारही चाकं उचलून हाताने फिरवली. मोकळी होती. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, धूर जोरात येत होता, तेव्हा तिथेही काही अडकलेलं नव्हतं. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून बघितला. इंजिन जागच्या जागी बंद पडलं, म्हणजे क्लचसुद्धा घसरत नव्हता. चिमटीने टायमिंग दोनदा तपासलं, दुसऱ्यांदा दादाने दिवा धरला. वहिनी जेवायला बोलवायला तीनदा आली. तिसऱ्यांदा तिने ताटं शेडमध्येच आणली. नवरा आणि नणंद मडगार्डवर ताटं ठेवून, ग्रीसने माखलेल्या हातात चमचे धरून टायमिंगवरून हुज्जत घालत होते. ते बघून ती सासूला हळूच म्हणाली, "आई, चालतंय. बोलतायत."

आईने नुसतं बॉनेटकडे बघितलं.

*

आईला ताट उचलून आत जायचं होतं, पण पाय निघत नव्हते.

गाडी का चढत नाही हे तिला माहीत होतं. तिनेच ती तशी केली होती.

दोन महिन्यांपूर्वीपर्यंत अप्पा रोज सकाळी गाडी घेऊन एकटेच तळ्यापर्यंत जायचे आणि यायचे. कामाचं नाव नाही, गाडी गरम राहते म्हणायचे. एके दिवशी डावा आरसा तुटून आला. "उभ्या गाडीला कुणीतरी ठोकून गेलं," म्हणाले. तिने मान डोलावली. पण त्याच आठवड्यात तिने गॅलरीतून बघितलं. अप्पा फाटकात वळत होते आणि डावीकडून शेजारची शाळकरी मुलगी चालली होती. गाडी हळू झाली नाही. मुलगी उडी मारून बाजूला झाली म्हणून वाचली. अप्पा खाली उतरले, दार लावलं, गुणगुणत वर आले. त्यांना काही कळलंच नव्हतं.

तुम्हाला दिसत नाही, असं त्या माणसाला कसं सांगायचं? वरच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून जो घरात बसल्या बसल्या तिचा आजार सांगायचा, त्याला? चिमटी जन्मली तेव्हा याच गाडीने अप्पांनी दोघींना दवाखान्यातून घरी आणलं होतं, वाटेत एकही खड्डा न लागू देता. बायकोला टाके दुखू नयेत म्हणून सबंध रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये. मागून लोक हॉर्न मारत होते, आणि हे खिडकीतून हात काढून त्यांना सांगत होते, "बाळ आहे, बाळ!"

किल्ली लपवली असती तर त्यांनी विचारलं असतं. दादाला सांगितलं असतं तर त्याने चार माणसांत बोलून दाखवलं असतं.

मग एका दुपारी, ते झोपले असताना, तिने स्वतः बॉनेट उघडलं. चाळीस वर्षं दिवा धरला होता तिने, कुठली तार काय ओढते हे तिला ठाऊक होतं. पॅडलवरून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या केबलचा एक छोटा क्लॅम्प असतो. स्वयंपाकघरातल्या खणातली पक्कड घेऊन तिने त्याचा नट ढिला केला, केबल बोटभर सरकवली, पुन्हा आवळली. आता पॅडल तळाला टेकलं तरी गाडी अर्धीच पळणार. दुसऱ्या दिवशी अप्पा हळू गेले, हळू आले. काही बोलले नाहीत. त्यानंतर तळ्यापर्यंत जाणंही कमी झालं. तिला रात्रीची झोप लागायला लागली.

चढाचा विचार तिने केला नव्हता. भंगाराचा तर नाहीच.

साडेचारलाच क्रेनवाला आला. फाटकाशी क्रेन लावली, खाली उतरून त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टायरला लाथ मारली. "हीच ना? हूक लावू का साहेब?"

"पाच म्हणालो होतो," दादा फटकारून म्हणाला.

"वाटेत होतो म्हणून आलो. तुमचं चालू द्या."

तो क्रेनमध्ये जाऊन बसला, पण इंजिन चालूच ठेवलं. त्या घरघरीत शेडमध्ये सगळ्यांचा आवाज आपोआप चढला.

"उरलं काय?" दादा म्हणाला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "सगळं ठीक आहे. सगळं ठीक असून गाडी चालत नाही. चिमटे, कधीकधी वय हाच रोग असतो."

"कार्बोरेटर उरलाय."

"तो खोलायला दोन तास लागतील."

"दोन तास तो थांबेल."

"तो नाही थांबणार. मला पुन्हा पुन्हा त्याच्या पाया पडायला जमणार नाही." त्याने फडक्याने हात पुसले. "अप्पा, काय करू?"

अप्पांनी शेवटचा डबा झाकला. "मी काय सांगू? तुमच्या हातात आहे."

आईने त्यांच्याकडे बघितलं. ते कुणाकडेच बघत नव्हते. थांबा, मी सांगते, हे शब्द तिच्या तोंडाशी आले. तिने पदराने ओठ पुसले, एक पाऊल पुढे टाकलं.

"नुसतं वरून बघते," चिमटी म्हणाली. "खोलत नाही. दादा, आत बस. एअर फिल्टर काढते, तू पॅडल दाब. इंजिन बंदच ठेव."

दादा कुरकुरत आत बसला. चिमटीने वरचं गोल झाकण काढलं, बॅटरीचा उजेड पाडून कार्बोरेटरच्या घशात डोकावली.

"दाब."

आत पेट्रोलची बारीक धार उडाली. धार चांगली होती. खालची झडप उघडली आणि तिरपी होऊन थांबली.

"पूर्ण दाब."

"पूर्णच दाबलंय."

"अरे, पूर्ण!"

"तळाला टेकलंय, बाई! पायाखाली आता रस्ताच आहे!"

चिमटीने बोटाने झडप ढकलली. ती उरलेली अर्धी वाट सहज गेली आणि सरळ उभी राहिली. तिने केबलवरून बॅटरी मागे मागे नेली. क्लॅम्प जागेवर नव्हता. जुन्या जागेची चकचकीत खूण उघडी पडली होती, आणि नटाच्या कडा चावल्यासारख्या झाल्या होत्या. पकडीचे दात होते ते. या घरातला कुणीही मेकॅनिक नटाला पक्कड लावणार नाही, लावली तर अप्पा त्याला दारात उभं करणार नाहीत.

तिने मान वर केली. समोर आई उभी होती, पदर मुठीत धरलेला. दोघींची नजरानजर झाली. ती लहान असताना बरणी फोडून गप्प उभी राहायची तेव्हा आई तिच्याकडे अशीच बघायची. आज बघणारी चिमटी होती आणि गप्प उभी राहिलेली आई.

"सापडलं?" दादा आतून ओरडला.

"सापडलं," चिमटी म्हणाली. "क्लॅम्प सरकलाय. केबल सैल पडलीय. हादऱ्याने होतं असं."

दादा उतरून आला. त्याने बॅटरी घेतली, वाकला आणि नटाकडे बराच वेळ बघत राहिला. तोही अप्पांचाच मुलगा. मग त्याने बहिणीकडे बघितलं, बहिणीच्या नजरेमागून आईकडे.

"हो," तो म्हणाला. "हादऱ्याने होतं असं."

त्याने बॅटरी विझवली, फाटकाशी गेला आणि क्रेनच्या दारावर थाप मारली. "जा बाबा तू. चुकून बोलावलं."

*

क्लॅम्प बसवायला पाच मिनिटं लागली. चढ बघायला चिमटी चालवायला बसली आणि दादा शेजारी. अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "तुम्ही जा. मी इथूनच ऐकतो."

चढाच्या पायथ्याशी चिमटीने तिसरा गिअर टाकला. गाडी एक क्षण विचारात पडल्यासारखी झाली आणि मग ओढायला लागली. सगळ्या पत्र्यांचा खडखडाट सुरू झाला, सीटखालची स्प्रिंग लहानपणीसारखीच दादाच्या मांडीला टोचली.

"आई?" तो म्हणाला.

"आई."

"पकडीने?"

"पकडीने."

दादा हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, मग नुसतंच पाणी राहिलं. "आरसा तुटला तेव्हाच मला कळायला हवं होतं, अप्पांना नीट दिसत नाही ते. रोज समोरून जातो मी. तिला पक्कड घ्यावी लागली, आणि मी घरात असून..."

"माझ्याशी दर रविवारी बोलायची. मलाही नाही सांगितलं."

वळण आलं. सकाळी त्याने इथूनच गाडी परत फिरवली होती. चिमटीने पॅडलवरचा पाय जरासुद्धा कमी केला नाही.

"माझ्या स्कॅनरला हे सात जन्मात सापडलं नसतं," दादा म्हणाला.

"स्कॅनर जोडायला हिला भोक तरी कुठे आहे?"

"तेच म्हणतोय." तो खिडकीबाहेर बघत होता. "तेव्हा मी जे बोललो ना, हाताबद्दल. ते तसं नव्हतं म्हणायचं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

"मला भीती वाटत होती," तो म्हणाला. "कर्जाची नाही, धंद्याची नाही. तू नि अप्पा इथे खूश होतात, आणि मी तिकडे एकटाच."

टाकी मागे पडली, गाडी वळवायची मोकळी जागा आली, तरी चिमटीने गाडी वळवली नाही. दादानेही का म्हणून विचारलं नाही.

*

खाली शेडमध्ये अप्पा मान एका बाजूला कलती करून बसले होते. आई दाराला टेकून उभी होती.

"तिसऱ्यात टाकली," अप्पा म्हणाले. थोड्या वेळाने, "वळणावर आली. पाय कमी नाही केला पोरीने."

मग ते म्हणाले, "त्याला दहा नंबरचा पाना लागतो."

"कशाला?"

"त्या नटाला. पकडीने कडा गेल्या त्याच्या."

आई दारापासून सरळ झाली. "तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. पॅडलवर पाय ठेवल्या ठेवल्या. बॉनेट उघडून बघितलं, मग परत लावून टाकलं."

"आणि दोन महिने बोलला नाहीत?"

"काय बोलू?" अप्पांनी तळहात पँटवर पुसले. "तू कधी बॉनेटला हात लावला नाहीस. तुझ्यावर ती वेळ आली म्हणजे मी किती वाईट चालवत असेन, असं आलं मनात. म्हटलं राहू दे."

"अहो, पण आज ती भंगारात चालली होती! तेव्हा तरी तोंड उघडायचं!"

"तू नाही उघडलंस. मग मी कसं उघडणार? पोरांपुढे तुझं नाव घेऊ?" त्यांनी वरच्या रस्त्याकडे कान लावला. "शिवाय दोघं एका बॉनेटखाली वाकलेली. मला घाई नव्हती."

आई खोक्याजवळ आली. "तो आरसा..."

"खांबाला लागला. मीच लावला. खांब दिसलाच नाही मला. डावीकडचं सगळं धुक्यात गेल्यासारखं दिसतं आताशा."

"डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ."

"आणि किल्ली?"

"किल्ली चिमटीकडे आहे," अप्पा म्हणाले. "राहू दे तिच्याकडे."

हे म्हणताना त्यांचा आवाज नेहमीचाच होता. पण त्यांनी झाकलेला डबा पुन्हा उघडला, आत बघितलं, पुन्हा झाकला. आईने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. वरून येणारा इंजिनाचा आवाज पातळ होत गेला, मग तिच्या कानाला लागेनासा झाला.

"थांबले का?"

"नाही. टाकी ओलांडून पलीकडे उतरले."

"मला नाही ऐकू येत."

"मला येतंय अजून."

"सरका जरा," आई म्हणाली. अप्पा सरकले. ती खोक्यावर त्यांच्या शेजारी बसली, पदर मांडीवर नीट केला. "सांगा मग, कुठे आहेत."

अप्पांनी डोळे मिटले. "पुलाजवळ," ते म्हणाले. "आता चौथा टाकेल ती."